छोट्या मिलिंगला मोटर कुठली? माझं मत: डीसी सोडा, थ्री फेज आणि ड्राइव्ह घ्या

कुपवाडचा फिटर (धागाकर्ता)

टेबलावरच्या चिनी मिलिंगची (फिरत्या कटरनं धातू कापणारं मशीन) मोटर बंद पडली. मशीन नेहमीचंच: ३५० वॉटची कार्बन ब्रशवाली डीसी मोटर, हेडमध्ये नायलॉनचे गिअर, लो रेंजला ११०० आणि हायला २५०० आरपीएम, वेगासाठी पुढे एक नॉब. एमएसच्या (साध्या पोलादाच्या) पट्टीत स्लॉट मारताना १२ मिलिमीटरचा कटर अडला, मोटर नुसती गुरगुरत राहिली आणि मग तो ओळखीचा वास. वेगाचं कंट्रोल कार्ड उघडलं तर मॉस्फेटच्या (करंट चालू-बंद करणाऱ्या चिपच्या) पोटाला भोक.

जो तो सांगतोय की तीच मोटर, तेच कार्ड परत मागव. मला ते पटत नाही. माझं म्हणणं मांडतो, खुशाल खोडून काढा.

अर्धा एचपी, चार पोलची थ्री फेज इंडक्शन मोटर घ्यावी. घरात सिंगल फेज असलं तरी अडत नाही, २३० व्होल्ट सिंगल फेजवर चालणारे ड्राइव्ह (त्यातून थ्री फेज करून मोटरचा वेग बदलणारे डबे) सर्रास मिळतात. नायलॉनचे गिअर काढून बेल्ट टाकावा. कार्बन नाही, कम्युटेटर (कार्बन ज्यावर घासतो ते तांब्याचं रिंगण) नाही, बॉडी बंद असल्यामुळे लोखंडाचा कीस आत जाण्याचा प्रश्न नाही. बिघडली तर कोपऱ्यावरच्या वायंडिंगवाल्याकडे टाकता येते. डीसी कार्डाचं तसं नाही. ते बाहेरून येईपर्यंत मशीन कव्हर घालून बसतं. आणि १९१० पासून किर्लोस्करवाडी ज्या जिल्ह्यात आहे, तिथं इंडक्शन मोटर बसवायला कुणाची परवानगी काढायची?

मिरज जंक्शन

चोर सोडून संन्याशाला फाशी चाललीय. मॉस्फेटला भोक पडलं म्हणजे कार्ड गेलं. मोटर गेली कशावरून?

आधी मोटरच्या बाजूच्या दोन काळ्या टोप्या काढा. कार्बन आपसूक वर यायला पाहिजे. आत कीस आणि कार्बनची पूड बसली की तो खाचेत अडकतो, स्प्रिंगचा दाब पडत नाही आणि ठिणग्या सुरू होतात. मग टॉर्च लावून कम्युटेटर बघा. चॉकलेटी, गुळगुळीत असेल तर मोटर ठणठणीत आहे. काळा, खरबरीत असेल तर आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) लेथवर धरून एक हलका कट, पट्ट्यांमधला अभ्रक जुन्या हॅकसॉच्या पात्यानं किंचित खाली, वरून बारीक पॉलिश पेपर. आर्मेचरच जळालं असेल तर मिक्सरची आणि हँड ड्रिलची आर्मेचर बांधणारे आपल्याकडे ढिगानं आहेत, ग्राउलरवर (आर्मेचर तपासायच्या यंत्रावर) ठेवून उभ्या उभ्या सांगतील.

हे सगळं झाल्यावर नवीन मोटरचं बोला. आणि कटर अडलेला असताना नॉब वाढवत नेला तर कार्ड जाणारच. अडलेली डीसी मोटर ओढेल तेवढा करंट ओढते, तिला कोण अडवणार?

कुपवाडचा फिटर

@मिरज जंक्शन: कार्बन बघितले, संपत आलेत. कम्युटेटर काळा आहे. पण मुद्दा तोच तर आहे! अडलं की जळणार, हा या जोडीचा स्वभावच आहे. ड्राइव्हला करंटची मर्यादा घालून देता येते, अडला की ट्रिप होतो आणि रिसेट केला की परत चालू.

मिरज जंक्शन

चांगल्या डीसी कार्डालाही करंट लिमिट असते. स्वस्तातलं कार्ड वाईट निघालं म्हणून डीसी मोटरची जात बदनाम करू नका.

वायंडिंग टेबल

फिटर भाऊ, थ्री फेज घ्या, माझा विरोध नाही. पण एक गोष्ट आधी ऐका, नाहीतर महिन्यानं शिव्या घालत आमच्याच दारात याल.

बाजारात अर्ध्या एचपीची जी मोटर मिळते ती ४१५ व्होल्टची, आत स्टार बांधलेली (तिन्ही कॉइलचं एकेक टोक एका गाठीत). बाहेर तीनच वायरी. तुमचा ड्राइव्ह २३० घेतो, म्हणजे बाहेरही २३० च्या वर देऊ शकत नाही. तीच मोटर तशीच जोडली तर ५० हर्ट्झला व्होल्टेज ५५ टक्के आणि ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घसरते, म्हणजे जेमतेम ३० टक्के. मग लोक म्हणतात ड्राइव्ह फसवा आहे.

करायचं काय? मोटर उघडून स्टारची गाठ शोधायची, तोडायची, सहा वायरी बाहेर काढायच्या आणि डेल्टा (टोकाला टोक जोडून त्रिकोण) करायचा. ४१५ भागिले १.७३ म्हणजे २४०, बरोबर जुळतं. करंट मात्र १.७३ पट होतो, तेव्हा ड्राइव्हमधलं ओव्हरलोडचं सेटिंग प्लेटवरच्या आकड्यावर ठेवू नका. गाठ वार्निशमध्ये घट्ट बसलेली असते, घरी स्क्रूड्रायव्हरनं उकरत बसाल तर कॉइल खरवडेल.

पलूस लोकल

डेल्टा करायची गरजच नाही. २३० व्होल्टला ४१५ ची मोटर २८ हर्ट्झपर्यंत पूर्ण ताकद देते, कारण व्होल्टेज आणि हर्ट्झचं प्रमाण तिथपर्यंत तेच राहतं. छोट्या मिलिंगला कमी वेगच लागतो. विषय संपला.

वायंडिंग टेबल

@पलूस लोकल: हिशोब बरोबर, पण २८ हर्ट्झच्या वर काय? अर्ध्या एचपीचे पैसे मोजून २०० वॉट वापरायचे. त्यापेक्षा पाव एचपीची घ्या, हलकी तरी पडेल.

विटेकर

नवी कशाला घेताय? आमच्याकडे विट्याला या. यंत्रमाग भंगारात निघतात, त्यांच्या एक एचपीच्या मोटरी मिळतात. दिवसरात्र झटके खाऊन चाललेल्या असतात, तुमचं मिलिंग त्यांना कसलं जड जातंय.

वायंडिंग टेबल

भंगारात घेणार असाल तर टर्मिनल बॉक्स उघडून आतल्या कोपऱ्यात बोट फिरवा. बारीक वाळलेली माती लागली तर मोटर पाण्याखाली गेलेली आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर अशा किती मोटरी नुसत्या रंगवून फिरतायत देव जाणे. ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन मोजायचं मीटर) लावा, १ मेगाओमच्या खाली दाखवली तर तिथंच ठेवून या.

अजिंक्यतारा

साताऱ्याहून. तुम्ही सगळे वजन विसरताय. एक एचपी म्हणजे ८० ची फ्रेम (पायापासून शाफ्टची उंची ८० मिलिमीटर), १९ मिलिमीटरचा शाफ्ट, बॉडी लोखंडी. ती या मशीनच्या हेडवर? कॉलम एका बोल्टवर उभा असतो या मशीनचा! मोटर वर चढवली की हेड खाली ओढणार, चॅटर (कटरची थरथर) वाढणार, फिनिशची वाट लागणार. अर्ध्या एचपीची ७१ फ्रेम, १४ चा शाफ्ट, हीसुद्धा मूळ डीसी मोटरपेक्षा बरीच जड.

माझा पर्याय: इंडस्ट्रिअल शिलाई मशीनची ५५० वॉटची सर्व्हो मोटर. सिंगल फेज, कंट्रोलर सोबत, हलकी, आवाज नाही, कार्बनही नाही. सुईच्या पोझिशनचा सेन्सर बऱ्याच कंट्रोलरमध्ये सेटिंगमधून बंद करता येतो.

मिरज जंक्शन

शिवण मारायला बनवलेली मोटर. दोन सेकंद पळते, थांबते. तासभर सलग फेसिंगला (पृष्ठभाग सपाट करायला) लावा आणि मग हात लावून बघा. उलटी फिरवायला परत सेटिंगमध्ये जायचं, म्हणजे टॅपिंग (भोकात आटे पाडणं) विसरा.

अजिंक्यतारा

टॅपिंग हातानं करा. एम ६ च्या टॅपसाठी मशीन लागतं होय?

बाडिस

ट्रेडमिलची मोटर कुणीच का सुचवत नाही? दोन-अडीच एचपी लिहिलेलं असतं!

जुना टर्नर

@बाडिस: लिहिलेलं असतं, आणि लिहिणाऱ्याचं काय जातंय? तो क्षणभराचा आकडा. मोटर उघडी, मागे पंखा, आत चुंबक. लोखंडाच्या कामावर ती कीस गोळा करण्याचंच काम करेल. शिवाय पुढचं जड फ्लायव्हील बऱ्याच मोटरींवर डाव्या आट्यानं बसवलेलं असतं. उलटी फिरवली की सुटून हातात येतं. हातात आलं तर नशीब.

आता मूळ धाग्याकडे. फिटर, तुमची मोटर चांगली, तर्क कच्चा. तुम्हाला वाटतंय ड्राइव्हनं वेग कमी केला की काम झालं. आकडे मांडा. अर्धा एचपी म्हणजे ०.३७ किलोवॉट, १४०० आरपीएमला साधारण अडीच न्यूटन मीटर टॉर्क (फिरवण्याची ताकद). ड्राइव्ह वेग कमी करतो, ही अडीचची ताकद वाढवत नाही. १० मिलिमीटरच्या एचएसएस (हायस्पीड स्टील) कटरला एमएसवर मिनिटाला २५ मीटर धरले तर ८०० आरपीएम, तिथं भागेल. पण ५० च्या फ्लाय कटरला (एकाच पात्याचा मोठा कटर) त्याच हिशोबानं १६० आरपीएम लागतात. थेट एकास एक पुलीवर तिथं तुमच्या हातात ४२ वॉट उरतात. अडलाच म्हणून समजा. खंबाटकी घाट चौथ्या गिअरमध्ये चढण्यातला प्रकार. वर मोटरचा पंखा तिच्याच शाफ्टवर, हळू फिरली की वारा नाही, तापणार.

चारास एक पुली टाका. तीच मोटर स्पिंडलला १० न्यूटन मीटर देते, १६० आरपीएमला १६८ वॉट. मूळ मशीनवर लो रेंज दिलीय ती याचसाठी. नायलॉनचे गिअर काढताना ती रेंजही फेकून देऊ नका.

कुपवाडचा फिटर

@जुना टर्नर: हा मुद्दा पूर्ण मान्य. दोन पायऱ्यांची पुली करतो: चारास एक, आणि दुसरी एकास दीड, म्हणजे स्पिंडल मोटरच्या दीडपट. अॅल्युमिनियमवर ३ चा कटर चालवायला २१०० मिळतील, त्याला आणखी लागतात पण या मशीनची बेअरिंगं त्याहून वर न्यायची माझी तयारी नाही.

@अजिंक्यतारा: वजनाचं खरं आहे. म्हणूनच मोटर हेडवर नाही, कॉलमच्या मागे वर-खाली सरकणारी प्लेट, हेडलाच जोडलेली. भार कॉलमच्या दोन्ही अंगांना विभागला जाईल.

अजिंक्यतारा

हेडलाच जोडली म्हणजे भार शेवटी त्याच डव्हटेलवर (हेड ज्यावर सरकतं ती खाच). मागे नेली म्हणून किलो कमी होत नाहीत. गॅस स्प्रिंग लावा, आणि कॉलमच्या मागे जाड पट्टी बेसला बोल्ट करा, नाहीतर माझी शिलाई मोटर घ्या.

पलूस लोकल

ड्राइव्हवाल्यांनो, घरातला ३० मिलिअँपचा आरसीसीबी (करंटची गळती झाली की पडणारा स्विच) पडला की घरचे काय म्हणतील तेही लिहा. माझ्याकडे डिजिटल स्केलचे आकडे नाचायचे ते वेगळंच.

वायंडिंग टेबल

वेगळी लाईन ओढा, अर्थिंग खरोखरचं करा, ड्राइव्ह ते मोटर शील्डेड केबल आणि शील्ड दोन्ही टोकांना अर्थला. मधे जुना ऑन-ऑफ स्विच ठेवू नका, चालू मोटरची वायर तोडली की ड्राइव्ह जातो. चालू-बंद ड्राइव्हच्या कंट्रोल टर्मिनलवरूनच.

मिरज जंक्शन

एवढं सगळं करण्यापेक्षा दोन कार्बन आणि बरं कार्ड स्वस्तात पडलं असतं, एवढंच म्हणतो. तुमची जुनी मोटर टाकणार असाल तर मला द्या. कम्युटेटर साफ करून माझ्या ड्रिलला लावतो.

कुपवाडचा फिटर

@मिरज जंक्शन: घेऊन जा, कार्डाचं भोकही सोबत देतो.

@वायंडिंग टेबल: ७१ फ्रेमची मोटर आणतो, सहा वायरी काढून द्या.

वायंडिंग टेबल

आणा. टर्मिनल बॉक्सच्या झाकणावर आतून-बाहेरून रंगानं मोठ्ठं '२३० डेल्टा' लिहून देतो. नेमप्लेटवर ४१५ च राहणार, आणि उद्या मशीन विकलंत तर घेणारा प्लेट वाचून सरळ थ्री फेजला जोडेल आणि पहिल्याच मिनिटाला धूर काढेल.