पॅडवाली सायकलिंग शॉर्ट : तुमची कुठे चुकली, कशाने जमली?

गेल्या चार वर्षांत मी पाच शॉर्ट्स घेतल्या. दोन नियमित वापरात आहेत, एक मित्राला दिली आणि दोन कपाटाच्या तळाशी पडून आहेत. त्या पडून असलेल्या दोन्ही घेताना मी एकच गोष्ट पाहिली होती, आत बुडाखाली शिवलेला पॅड किती जाड आहे. दुकानात अंगठ्याने दाबून बघितलं, मऊ लागलं, घेतली. पहिले वीस किलोमीटर सुखाचे गेले. पस्तीसच्या पुढे तो स्पंज चेपून एका बाजूला सरकला आणि त्याची कड जांघेत काचायला लागली. घरी आलो तेव्हा दोन्ही बाजूंना लाल वळ उठले होते.

त्याच्याही आधी मी सीटवर जेलचं जाड कव्हर चढवलं होतं. त्याने दुखणं थांबलं नाही, फक्त जागा बदलली. कव्हर इतकं मऊ होतं की बसायची हाडं आत रुतायची आणि वजन मधल्या नाजूक भागावर यायचं.

माझ्या ओळखीतल्या तिघांनी केवळ या दुखण्यापायी सायकल सोडली. पायात ताकद होती, हौस होती, पण बसवतच नव्हतं. म्हणून हा विषय मला मनापासून महत्त्वाचा वाटतो, आणि यावर कुणी मोकळेपणाने बोलत नाही याचं वाईट वाटतं.

मला उमगलेली एक गोष्ट सांगतो. शॉर्ट उभं राहून पारखू नका. उभं असताना चांगला पॅडसुद्धा मागे लोंबल्यासारखा, अवघडल्यासारखा वाटतो. कंबरेत वाका, हँडल धरल्यासारखे हात पुढे घ्या, एक गुडघा पोटाकडे आणा, मग दुसरा. पॅड अंगाला चिकटून राहिला, कुठे पोकळी किंवा घडी पडली नाही, तर ती शॉर्ट तुमची. माझ्या चांगल्या दोन शॉर्ट्सपैकी एक पाचांतली सगळ्यात स्वस्त आहे, आणि ती याच परीक्षेत पास झाली होती.

तुमचं लिहा. किती अंतर चालवता, काय घेतलंत, काय सोसलंत, आणि फार खर्च न करता काय जमलं.

* * *

वर्षभर मी पॅडच्या आत नेहमीचे आतले कपडे घालून सायकल चालवली. कुणी सांगितलंच नाही! पॅड अंगाला थेट लागायला हवा, हीच तर त्याची रचना आहे. आतल्या सुती कापडाची शिवण नेमकी हाडाखाली येते, कापड घाम धरून ठेवतं आणि ओली शिवण किलोमीटरमागून किलोमीटर घासत राहते. ते एक कापड काढलं आणि जुनी, साधी शॉर्टच एकदम सुसह्य झाली. नवीन घेण्याआधी एवढं करून बघा.

* * *

बायकांसाठी लिहिते, कारण आमचा प्रश्न थोडा वेगळा आहे.

मी पहिली शॉर्ट पुरुषांची घेतली. कमी किमतीत मिळत होती आणि मला वाटलं, शॉर्ट ती शॉर्ट. त्या पॅडमध्ये पुढच्या बाजूला लांब आणि जाड भाग होता, मधोमध शिवणीचा उंचवटा होता, आणि मागे तो माझ्या हाडांपर्यंत पुरतच नव्हता. सर्वसाधारणपणे बायकांच्या बसायच्या हाडांमधलं अंतर जास्त असतं, म्हणून त्यांच्या पॅडची मागची बाजू रुंद आणि पुढची आखूड असते. मधोमध शिवण नसणं तर सगळ्यात महत्त्वाचं. आता घेताना मी शॉर्ट आधी उलटी करते आणि पॅडवरून तळहात फिरवते. बोटाला जे लागतं ते तासाभराने अंगाला दहापट लागतं.

दुसरं, खांद्यावरून पट्टे येणारी बिब शॉर्ट. आराम निश्चित आहे, पोटावर इलॅस्टिक काचत नाही. पण वाटेत स्वच्छतागृहात जायचं तर वरचा टीशर्ट आधी काढावा लागतो, आणि हे टाळण्यासाठी मी पाणी कमी प्यायला लागले. ते आरोग्याला वाईट. म्हणून मी कंबरेच्या शॉर्टवर परत आले, फक्त पट्टा अरुंद इलॅस्टिकचा न घेता रुंद, कापडी, पोटावर सपाट बसणारा घेतला. बिबच हवी असेल तर मागून सुटणारी, हुकाची किंवा झिपची बघा.

आणि घट्ट लायक्रा घालून बाहेर पडायचा संकोच वाटत असेल तर पॅडवाली लायनर मिळते. पातळ जाळीच्या कापडाची, आतून घालायची. वरून तुमची नेहमीची सैल शॉर्ट किंवा ट्रॅक पँट. मी दोन वर्षं तशीच चालवली. पूर्ण शॉर्टपेक्षा ती स्वस्तही पडते.

* * *

मी लांब पल्ल्याचं चालवतो. ब्रेव्हे म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब सायकलफेरी. २०० किमीच्या ब्रेव्हेला साडेतेरा तास मिळतात, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४०. इतका वेळ सीटवर काढायचा म्हटल्यावर पॅडकडे बघायची नजर बदलते.

जाडी आणि घनता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फोमची घनता किलो प्रति घनमीटरमध्ये मोजतात. लांब पल्ल्याच्या चांगल्या पॅडमध्ये हाडांखालचा फोम साधारण ८० ते १२० चा असतो, आजूबाजूचा त्याहून हलका. हाताला तो कडक लागतो आणि दुकानात कुणालाच आवडत नाही. पण मऊ फोम तासा-दोन तासांत बसतो आणि पुन्हा वर येत नाही. माझी चाचणी सोपी आहे. हाडांखालचा भाग चिमटीत जोरात दाबून सोडतो. बोटं तळाशी एकमेकांना भिडल्यासारखी वाटली तर तो पॅड तासाभराच्या चालीपुरता. दाब सोडल्यावर लगेच फुलून आला तर पुढचं बघायचं.

पॅडला शॅमी म्हणतात ते डोंगरात राहणाऱ्या, शेळीसारख्या दिसणाऱ्या एका प्राण्याच्या नावावरून. पूर्वी त्याचं मऊ कातडं लोकरीच्या शॉर्टच्या आत शिवत. ते गादी म्हणून नसायचं. लोकर आणि शिवणी अंगाला घासू नयेत म्हणून असायचं. धुतल्यावर कातडं ताठ व्हायचं, मग मलम चोळून मऊ करावं लागे. आज पॅडला किंवा कातडीला क्रीम लावतात, ती रीत तिथूनच आली. मला हे फार उपयोगी वाटतं, कारण पॅडचं पहिलं काम घर्षण थांबवणं आहे हे त्यातून कळतं. मऊपणा नंतरचा.

म्हणून ६०० ला मी दोन शॉर्ट्स नेतो. दोन्ही मध्यम किमतीच्या, वेगवेगळ्या आकाराच्या पॅडच्या. ३०० नंतर बदलतो. दाबाची आणि शिवणीची जागा बदलते, कोरडं कापड अंगाला लागतं, आणि दुसरा दिवस सुरू करता येतो. एका फार महागड्या शॉर्टपेक्षा या दोघींनी मला जास्त साथ दिली आहे.

* * *

रोज कामावर जाऊन येऊन १० किमी. पॅड वापरत नाही, गरज पडली नाही. पूर्वी दुखायचं, पण सीट दोन बोटं खाली घेतली आणि थांबलं. सीट जास्त उंच असली की पेडल खाली जाताना कंबर डावी-उजवीकडे डुलते आणि तेवढं अंग घासतं. हे कुठलीही शॉर्ट भरून काढत नाही.

* * *

मी शिवणकाम करते, त्यामुळे माझा अनुभव मशीनवरचा.

मुलाला सायकलचं वेड लागलं आणि तो दर वर्षी वाढणार, दर वर्षी नवी शॉर्ट कुठून आणायची? सुटा पॅड मागवला आणि त्याच्या पळायच्या घट्ट पँटला शिवला. पहिल्या वेळी सरळ टाका मारला. कापड ताणलं, दोरा ताणला नाही, पहिल्याच दिवशी टाके तटातट तुटले. दुसऱ्यांदा गोल टोकाची, ताणाच्या कापडाची सुई लावली, पॉलिएस्टरचा दोरा आणि झिगझॅग टाका. तो अजून टिकलाय.

खरी कसोटी पॅड कुठे बसवायचा याची होती. मी तो टेबलावर पसरून मधोमध लावला होता, पण सायकलवर वाकल्यावर तो पुढे आला. मग त्याला पँट घालून सायकलवर बसवलं, बसतो तिथे बाहेरून खडूने खुणा केल्या आणि त्या खुणांवर पॅड टाचला. जवळजवळ चार बोटं मागे गेला! शिवण फक्त कडेने मारा, पॅडच्या मधून टाका नेऊ नका. आणि पॅडच्या कडा पातळ होत गेलेल्या असू द्यात. कापल्यासारखी जाड कड असेल तर तीच काचते.

तयार शॉर्ट घेतानाही शिवणकाम करणाऱ्याच्या डोळ्याने बघा. चांगल्या शॉर्टमध्ये दोन तुकडे एकमेकांना टेकवून सपाट शिवलेले असतात, आत माया, म्हणजे शिवणीबाहेरचं जादा कापड, उरत नाही. तुकडे किती हेही मोजा. चार तुकड्यांची शॉर्ट नळीसारखी असते. सहा किंवा आठ तुकड्यांची आधीच वाकलेल्या अंगाच्या आकारात बेतलेली. तरी तुकडे जास्त म्हणून आपोआप चांगली असं समजू नका. खराब शिवलेल्या आठ तुकड्यांपेक्षा नीट शिवलेले चार बरे.

* * *

माझं वजन जास्त आहे, मांड्या जाड. मला दुखायचं ते बूड नव्हे, मांड्यांची आतली बाजू. आखूड शॉर्ट वर गोळा व्हायची आणि उघडी कातडी सीटच्या नाकावर घासून सोलवटायची. कितीतरी दिवस मी स्वतःलाच दोष देत होतो.

दोन गोष्टींनी सुटलं. पाय लांब असलेली शॉर्ट, गुडघ्याच्या जेमतेम वर येणारी, आणि खालच्या काठाला रबरी ठिपक्यांच्या पट्टीऐवजी रुंद कापडी पट्टी. रबराच्या पट्टीने मांडीवर वळ पडायचे. शिवाय मी मापाला घाबरून मोठी शॉर्ट घेत होतो. सैल शॉर्टमध्ये पॅड अंगाबरोबर हलत नाही, अंग पॅडवर घासतं. टेपने कंबर, नितंब आणि मांडी मोजा आणि त्या त्या कंपनीच्या तक्त्यातच बघा. एकाचा एक्सएल दुसऱ्याचा डबल एक्सएल असतो.

* * *

दुखणं आणि बधिर होणं यांत फरक करा, ही कळकळीची विनंती.

मला अर्ध्या तासानंतर पुढच्या भागात मुंग्या यायच्या, मग काहीच कळायचं नाही. मी ते पॅड कमी पडतोय असं समजून आणखी जाड पॅड घेतला आणि त्रास वाढला. तिथून जाणाऱ्या पुडेंडल नसेवर आणि रक्तवाहिन्यांवर दाब आला की असं होतं, आणि जाड पॅड मधल्या भागात वर येऊन तो दाब वाढवू शकतो. डॉक्टरांना दाखवलं. सीटचं वर आलेलं नाक सरळ केलं, मध्ये खाच असलेली सीट घेतली, पॅडही मधोमध खोलगट पन्हळ असलेला आणि पातळ निवडला. दर दहा मिनिटांनी काही सेकंद पेडलवर उभा राहतो. आता तीन तास निर्धास्त जातात. बधिरपणा अंगवळणी पडू देऊ नका.

* * *

घरात ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, चालवणाऱ्यांनी चांगली शॉर्ट बाहेरच्यासाठी राखून ठेवू नये. रस्त्यावर आपण खड्ड्याला, चढाला आपोआप उठतो. घरात तासभर एकाच जागी, वारा नाही, घामाने चिंब. मला केसांच्या मुळाशी फोड यायचे ते घरातच. उतरल्या उतरल्या शॉर्ट बदलणं, लगेच अंघोळ, आणि त्या भागावर वस्तरा न फिरवणं, एवढ्याने जवळपास थांबले. फोड कडक होऊन सुजला किंवा ताप आला तर मात्र घरगुती उपाय करत बसू नका.

धुण्याचंही लिहितो, कारण दोन शॉर्ट्स मी धुण्यातच घालवल्या. उलटी करून, गार पाण्यात, त्याच दिवशी. कपडे मऊ करायचं द्रावण नको, त्याचा थर बसून कापड घाम ओढेनासं होतं. ड्रायरची उष्णता लायक्राचा ताण मारते. पिळायची नाही, कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायची आणि पॅड बाहेर ठेवून सावलीत, वाऱ्यावर. मागचं कापड उजेडात धरल्यावर आरपार दिसायला लागलं की त्या शॉर्टचे दिवस भरले.

* * *

सगळ्यांचं वाचलं, आणि एका मित्राने सुचवल्याप्रमाणे काल एक प्रयोग केला. कडक पायरीवर पन्हळी पुठ्ठा ठेवला, त्यावर गुडघे थोडे वर घेऊन मिनिटभर बसलो, पुढे वाकलो. उठलो तर पुठ्ठ्यावर दोन खळगे. मध्यापासून मध्यापर्यंत मोजलं, १३५ मिमी. माझी सीट तिच्या सगळ्यात रुंद जागी १३० मिमी. हाडं सीटवर नीट टेकतच नव्हती, कडेवरून घसरत होती, आणि मी चार वर्षं त्याचा दोष पॅडला देत होतो.

आता आधी सीट बदलतो, १५५ मिमीची बघतोय. ती आली की कपाटातल्या त्या दोन शॉर्ट्स पुन्हा काढून एकेक घालून पन्नास किलोमीटर जाईन आणि काय झालं ते इथेच लिहीन.