खारघरमध्ये घर : मेट्रोजवळ की रेल्वे स्थानकाजवळ?

कळवेकर :
नमस्कार. माझे कार्यालय नवी मुंबईत, बेलापूरच्या कोकण भवनात आहे आणि पत्नीची नोकरी ठाण्यात, नौपाड्यात आहे. खारघरला भाड्याचे घर पाहताना सेंट्रल पार्क मेट्रो स्थानकाजवळची ऐसपैस सदनिका पसंत पडली. तेवढ्याच भाड्यात खारघर रेल्वे स्थानकालगत मात्र एक खोली कमी असलेले घर मिळते. सोबत सत्तरी ओलांडलेली आई आहे. मेट्रोने बेलापूरला येऊन पुढे लोकल धरणे रोज जमण्यासारखे आहे का, हे तिथे राहणाऱ्यांनी कृपया सांगावे.

उत्सव चौकातला :
सर्वप्रथम एक गैरसमज दूर करतो. ही मेट्रो खारघर रेल्वे स्थानकाला कुठेही भेटत नाही. लोकलशी तिची गाठ पडते ती बेलापूरलाच. बेलापूर ते पेंढार हा ११.१ किलोमीटरचा, ११ स्थानकांचा उन्नत मार्ग १७ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झाला. भूमिपूजन २०११ मधले, त्यामुळे ‘मेट्रो येते आहे’ या भरवशावर घरे घेतलेल्या आमच्यासारख्यांनी बारा वर्षे नुसते खांब पाहिले. सुरुवातीला कमाल भाडे ४० रुपये होते, ते सप्टेंबर २०२४ मध्ये ३० रुपयांवर आले. आपल्यापुरते म्हणाल तर सेंट्रल पार्कच उत्तम, कारण बेलापूरला उतरल्यावर कोकण भवन चालत गाठता येते आणि आपल्याला लोकलची गरजच उरत नाही.

पेठपाड्याची सून :
खरा प्रश्न वहिनींचा आहे. पनवेल–ठाणे लोकल खारघरलाही थांबते आणि बेलापूरलाही. ठाण्याकडे जाताना बेलापूर पुढचेच स्थानक असल्याने मेट्रोने तिथे येणे म्हणजे उलटा फेरा नव्हे. मात्र ठाण्याच्या काही गाड्या नेरूळहूनच सुटतात आणि त्या या दोन्ही स्थानकांवर येत नाहीत. त्यामुळे मेट्रो दोन मिनिटांनी चुकली तर पुढची लोकलही चुकते आणि सकाळचे सगळे गणित कोलमडते. मी स्वतः दोन वर्षे हा प्रवास केला आहे. संध्याकाळी परतताना थकवा जाणवतो, पण मेट्रोत बसायला जागा मिळते, हे लोकलच्या गर्दीनंतर फार मोठे सुख वाटते. आईंसाठी स्थानकावर उद्वाहक आहे, शिवाय सकाळी फिरायला उद्यान जवळ आहे. (बेलपाडा, पेठपाडा, पेंढार ही जुन्या गावांची नावे निदान मेट्रो स्थानकांच्या फलकांवर तरी टिकली, याचे आम्हा गाववाल्यांना अप्रूप आहे.)

सेक्टर बारा :
वरील मताशी मी पूर्ण सहमत नाही. ‘मेट्रोपासून पाच मिनिटे’ असे दलाल सांगतात, तेव्हा ती पाच मिनिटे बहुधा दुचाकीची असतात. खारघरचे रस्ते रुंद आहेत, सावली कमी आहे आणि रात्री मेट्रो बंद झाल्यावर रिक्षावाला मागेल ते द्यावे लागते. वहिनींना उशीर होत असेल तर रेल्वे स्थानकालगतचे लहान घर घ्यावे.

कळवेकर :
सर्वांचे आभार. पत्नीला आठवड्यातून दोनदा तरी उशीर होतोच, हे प्रश्नात लिहायचे राहिले. येत्या सोमवारी दोघेही सुट्टी न घेता, सेंट्रल पार्कच्या त्या इमारतीच्या फाटकापासून निघून, आपापल्या कार्यालयापर्यंत घड्याळ लावून जाऊन पाहतो आणि मगच अनामत रक्कम देतो.