वंशावळीच्या अहवालात फालतू स्वल्पविराम : मदत हवी आहे

राम राम मंडळी. घराण्याची वंशावळ संगणकावर चढवतोय. नोंदी ठीक आहेत, पण अहवाल काढला की छापून येतं: ‘जन्म १९१२, अमळनेर, , पूर्व खानदेश, .’ तालुक्याचा रकाना रिकामा, तरी त्याचा स्वल्पविराम हजर! (१९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व-पश्चिम असे दोन जिल्हे झाले, म्हणून जुन्या नोंदींत जळगाव जिल्हा लिहीत नाही.) गेडकॉम फाइलमध्ये (वंशावळीची माहिती एका प्रणालीतून दुसरीत नेण्याचा ठरलेला नमुना) ठिकाण लहानाकडून मोठ्याकडे स्वल्पविरामांनी तोडतात, रिकामी जागाही राखतात, हे समजतं. पण छापील प्रतीत ते कशाला? वर्डमध्ये एकेक शोधून खोडतो. नवा अहवाल काढला की पुन्हा तेच. मूळ नोंदींना हात न लावता अहवालाच्या साच्यातच रिकामे रकाने गाळता येतात का? आखाजीला भाऊबंद गावी जमतील, तेव्हा प्रती वाटायच्या आहेत.