एलएलएमचा प्रबंध, आंबा पल्पवरचा आयकर – अडकलेय, लवकर सांगा

खाडीपलीकडची (रत्नागिरी)
एलएलएमला (कायद्याची मास्टर्स) बिझनेस टॅक्सेशन घेतलंय. आधी 'भागीदारी, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) आणि कंपनीची करआकारणी' असा विषय दिला तर गाइड म्हणाले असं सगळेच लिहितात, तुमच्याकडचं काहीतरी आणा. म्हणून पल्प. आता आंबा शेतीचा आणि पल्प धंद्याचा, तर उत्पन्न तोडायचं कुठे? शेतीचं उत्पन्न कशाला म्हणायचं यावरचा सुप्रीम कोर्टाचा सहास रॉय निकाल वाचून जास्तच गोंधळ झालाय. सोमवारी सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) द्यायचाय, प्लीज लिंका नकोत.

देवगडचो_आंबो
शेतीचं उत्पन्न करमुक्त, जुन्या आयकर कायद्याचं कलम १०(१). पल्प काय कारल्याचा काढतात? विषय संपला.

काळा_कोट (चिपळूण)
संपला नाही हो काका. त्याच सहास रॉय निकालात सुप्रीम कोर्टाने १९५७ सालीच सांगितलंय, जमिनीवरची मूळ मेहनत असेल तरच पुढची कामं शेतीत धरायची. आणि प्रक्रिया म्हणाल तर साधा शेतकरी माल बाजारात न्यायच्या लायक करायला जेवढं करतो तेवढीच. आंबा अढीत घातला, पेटी भरली, शेती. रस काढून डब्यात सीलबंद केला की धंदा, कारण आंबा तसाच्या तसाही विकला जातोच.
ताई, तुम्ही काहीच सांगितलं नाहीये. १९६१ चा जुना आयकर कायदा की २०२५ चा नवा? बाग कोणाच्या नावावर धरताय? कारखाना कोणाचा?

दर्यावर्दी
एलएलएम करून काय मिळणार, त्यापेक्षा सीए इंटर दे. आणि आंबेवाल्यांना माफी पण मासेमारी शेतीत धरत नाहीत, आम्ही पूर्ण कर भरायचा, यावर लिहा की कोणीतरी प्रबंध.

खाडीपलीकडची
@काळा_कोट जुना की नवा याने काय फरक पडतो? उदाहरण म्हणून एक भागीदारी फर्म धरलीय, बाग एका भागीदाराची. थोडा आंबा बाहेरूनही घेतात.

काळा_कोट
हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं, अख्खं उत्तरच बदललं!
ज्याने पिकवलं त्यानेच कारखान्यात वापरलं तरच जुन्या आयकर नियमांतला नियम ७ येतो. त्यात स्वतःच्या आंब्याचा बाजारभाव धंद्याच्या हिशोबातून वजा होतो, तेवढा भाग शेतीचा, आणि लागवडीचा खर्च वेगळा मागता येत नाही. रबर, कॉफी, चहाला ठरलेले टक्के आहेत (चहाला ६० शेती ४० धंदा), आंब्याला तसं काही नाही.
तुमच्या फर्मने आंबा पिकवलेलाच नाही, ती विकत घेते. मग भागीदाराला मिळाले ते त्याचं शेतीचं उत्पन्न आणि फर्मला सरळ खरेदी. आता गंमत बघा, भागीदाराने आपल्याच फर्मला चढा भाव लावला तर त्याच्या हातात करमुक्त पैसा आणि फर्मचा नफा कमी. तिथे कलम ४०ए(२) उभं राहतं, भागीदाराला अवाजवी दिलेली रक्कम अधिकारी नामंजूर करू शकतो. प्रबंध इथे आहे.
फरकाचं म्हणाल तर १ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा, कलमांचे आकडे सगळे हललेत (इथे आपण बोलतोय ते जुन्याचे), 'करनिर्धारण वर्ष' जाऊन 'कर वर्ष' आलं. परीक्षकाने पहिल्याच पानावर विचारलं तर काय सांगाल?

हिशोबनीस_कुडाळ
फर्म कशाला ठेवायची? ३० टक्के कर! कंपनी काढा, कलम ११५बीएएचा कमी दर घ्या, २२ टक्के, अधिभार-उपकर धरून २५.१७. मी सगळ्यांना हेच सांगतो.

काळा_कोट
आणि कंपनीतून पैसे घरी कसे नेणार? लाभांशावर परत कर. फर्मच्या नफ्यातला वाटा भागीदाराला माफ असतो, कलम १०(२ए).

हिशोबनीस_कुडाळ
पैसे घरी न्यायचेच कशाला, धंद्यात फिरवायचे. शिवाय पगार घेता येतो.

काळा_कोट
भागीदाराला पगार फर्मलाही देता येतो, कलम ४०(बी)च्या मर्यादेत. तुम्ही नुसते दर बघता राव.

खाडीपलीकडची
अहो हा माझा आधीचाच विषय झाला, जो परत आला!! कोणीतरी भावाचं सांगा, 'बाजारभाव' म्हणजे कुठला? वाशी मार्केटचा पेटीचा दर की इथला कॅनिंगचा, म्हणजे पल्पचे कारखाने देतात तो?

रोपवाटिका_दापोली
आमच्या कलमांच्या नर्सरीचं उत्पन्न शेतीचंच धरतात बरं का, २००८ मध्ये तसं स्पष्टीकरण कायद्यात घातलं. कुंडीतली रोपं असली तरी. कोणाला उपयोग झाला तर बघा.

काळा_कोट
@खाडीपलीकडची हा खरा प्रश्न विचारलात. नियम ७ म्हणतो, माल कच्चा विकला जात असेल तर त्या वर्षातला सरासरी भाव. कुठला बाजार, कुठली प्रत, ते सांगत नाही. माझं मत कॅनिंगचाच दर, कारण डागी आणि बारीक आंबा कारखान्यात जातो, तो वाशीला पेटीत कोण भरणार? तुमच्या फर्मलाही ४०ए(२)त वाजवी किंमत ठरवायला हाच दर लागेल. सिनॉप्सिसमध्ये दोन्ही उदाहरणं ठेवा, एक बागवाल्याचाच कारखाना, दुसरी तुमची फर्म. कंपनी-एलएलपी सगळं काढून टाका.

देवगडचो_आंबो
अगो बाय, कॅनिंगचो दर रोज बदलता, सकाळी एक सांगतत आणि दुपारी गाडी गेली की दुसरोच. सरासरी खंयची काढतलंस? माझ्याकडे वजनकाट्याचे पावते आसत, बघूचे तर ये. फक्त मे महिन्यात नको, बोलाक वेळ नसता.