मार्गाची नुसती लांबी मोजून भागत नाही
टॉवरवरून जाणाऱ्या उच्चदाब वीजवाहिनीचा मार्ग निवडताना 'सगळ्यात छोटा मार्ग म्हणजे सगळ्यात कमी नुकसान' असं म्हटलं जातं, ते मला पटत नाही. लाइनखाली ४० मीटर रुंद पट्टा धरला तर दर किलोमीटरला ४ हेक्टर जागा येते. शेतात त्यातली टॉवरच्या पायाखालचीच जमीन कायमची जाते, तारांखाली कमी उंचीचं पीक घेता येतं. जंगलात मात्र अख्खा पट्टा उंच झाडांपासून मोकळा ठेवावा लागतो, शिवाय कडेनं ऊन-वारा आत शिरतो. म्हणून ३ किमी जंगल आणि ३ किमी शेत एकाच रकान्यात मिळवू नका.

वळणंही मोजा, कोनावरचा टॉवर जड, पाया मोठा. बांधकामासाठीचे कच्चे रस्ते तर तुलनेतून हमखास सुटतात, आणि उतारावर धूप बऱ्याचदा तिथूनच सुरू होते.

पाणथळीजवळ पक्षी बहुतेकदा धडकतात ते सगळ्यात वरच्या अर्थ वायरला (आकाशातल्या विजेपासून लाइनचं रक्षण करणारी तार), कारण ती बारीक असते, चटकन दिसत नाही. थव्यांच्या रातथाऱ्याची आणि चरण्याची जागा यांच्या मधून लाइन जातेय का, ते आधी बघा. तारेवर खुणेच्या चकत्या लावल्यानं धडका कमी होतात, थांबत नाहीत.

मार्गांची तुलना करताना जंगल, शेत, पक्षी अशा प्रत्येक मुद्द्याला दिलेलं वेटेज (महत्त्वाचं प्रमाण) थोडं हलवल्यावर पहिला क्रमांक बदलत असेल, तर पहिल्या क्रमांकावर आलटून पालटून येणाऱ्या त्या दोन मार्गांची प्रत्यक्ष पाहणी झाल्याशिवाय निवड करू नये.