उभ्या गाडीत एसीतून गरम हवा, हायवेला थंड. ३००० च्या आत काय करता येईल?

अकोल्याची_लेक: नमस्कार. २०१३ ची पेट्रोल हॅचबॅक, ९२ हजार किमी. गाडी पळत असली की एसी ठीक चालतो, सिग्नलला उभी राहिली की दोन मिनिटांत गरम हवा. मागच्या एप्रिलमध्ये गॅस भरला होता, १८०० गेले. पुढच्या शनिवारी आईला नागपूरला डोळ्यांच्या तपासणीला न्यायचंय. नुकतंच ऑपरेशन झालंय, धूळ चालणार नाही, त्यामुळे काचा उघडता येणार नाहीत. बजेट ३००० पर्यंत.

खानदेशी_स्टिअरिंग: गॅस संपलाय. मी दर पाडव्याला भरून घेतो, जूनपर्यंत काळजी नाही.

बॉनेट_उघडा: गॅस काय पेट्रोल आहे का जळून संपायला? बंद नळ्यांत तोच गॅस फिरत असतो. दर वर्षी भरावा लागतो म्हणजे गळती आहे.
ताई, तुमचं लक्षण वेगळं आहे. पळताना समोरचा वारा कंडेन्सरला, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या पुढच्या जाळीला, थंड करतो, उभ्या गाडीत ते काम फॅनने करायचं असतं. एसी लावून बॉनेट उघडा आणि फॅन फिरतोय का बघा. ओढणी आणि हात लांब ठेवा, तो कधीही सुरू होतो. आणि टेम्परेचरच्या काट्यावर लक्ष असू द्या. बऱ्याच लहान गाड्यांत रेडिएटरला तोच फॅन असतो.

खानदेशी_स्टिअरिंग: मग भरल्यावर माझी गाडी थंड कशी होते?

बॉनेट_उघडा: होणारच, कमी झालेला गॅस भरलाय म्हणून. गळलेला गॅस हवेत जातो, पैसे तुमचे जातात. एकदा गळती काढा ना.

कोथरूड_ते_कोकण: माझा अनुभव सांगतो. आधी गॅस, मग फॅन, मग वायरिंग असं करत शेवटी कॉम्प्रेसरच, म्हणजे गॅस दाबून फिरवणारा पंपच, गेलेला निघाला. २४ हजारांचा नवा टाकला. आता भर मे महिन्यात वरंध घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढतो आणि मुलं मागे शाल मागतात. थेट नवा कॉम्प्रेसर टाका.

अकोल्याची_लेक: दादा, बजेट ३००० आहे.

वऱ्हाडी_गिअर: ताई, अकोल्याच्या आहात तर एक विचारतो. हंगामात कापसाच्या जिनिंग मिलसमोरून रोज जाणं होते का? माह्या गाडीच्या कंडेन्सरवर कापसाची अशी गादी बसली होती की पलीकडचं काही दिसे ना. साध्या पाइपनं धुतला, निम्मा फरक तिथंच पडला. प्रेशरचं पाणी जवळून मारू देऊ नका, जाळीच्या पात्या वाकतात.

सोलापूर_४४: काचांना फिल्म लावली तर एसीवरचा भार कमी होतो. मी लावणार आहे.

कोथरूड_ते_कोकण: २०१२ साली सुप्रीम कोर्टाने मनाई केली तेव्हा माझी सहा हजारांची फिल्म काढावी लागली होती. पोलिसांनी रस्त्यातच सोलली.

सोलापूर_४४: आता नियमात बदल झालाय. मागेपुढे ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आत आला पाहिजे.

बॉनेट_उघडा: फिल्मसाठी वेगळा धागा काढा, ताईंना शनिवारी निघायचंय.

गॅरेज_३०_वर्षं: मी हेच काम करतो म्हणून लिहितो. फॅन ठीक निघाला तर गॅस जास्त भरलाय का ते बघा. जास्त गॅसनेही उभ्या गाडीत प्रेशर चढतं आणि एसी गरम मारतो. बॉनेटखाली स्टिकरवर गॅसचं वजन असतं. लहान गाडीत साधारण ३५० ते ५०० ग्रॅम आर-१३४ए (एसीचा गॅस) लागतो. वजनकाट्यावर तोलून भरणाराच शोधा, नुसत्या अंदाजाने भरणाऱ्याकडे जाऊ नका. भरण्याआधी निदान अर्धा तास व्हॅक्यूम, म्हणजे नळ्यांतली हवा पंपाने ओढून काढणं, झालाच पाहिजे. गळती शोधायला नायट्रोजन मारून साबणाचं पाणी लावतात. बऱ्याचदा २० रुपयांची ओ-रिंग निघते. डॅशबोर्डामागची कूलिंग कॉइल, जिथे हवा थंड होते, ती फुटली असेल तर मात्र डॅशबोर्ड उतरवावा लागतो.

नाशिक_डिझेल: धागा आत्ताच बघितला. फॅन चेक केला का?

अकोल्याची_लेक: सर्वांचे आभार. फॅन फिरतच नव्हता. फ्यूज ठीक होता. वायरिंगवाल्या काकांनी हॉर्नचा रिले (करंट चालू-बंद करणारा छोटा स्विच) काढून फॅनच्या रिलेच्या जागी लावून बघितला, तरीही नाही. फॅनची मोटर उघडली तर कार्बन, म्हणजे आत करंट पोचवणारे छोटे ठोकळे, पार झिजलेले. नवी मोटर २९००, कार्बन बदलून ६५०. काय करू?

बॉनेट_उघडा: नवी. अडीचशे किलोमीटर जायचंय.

गॅरेज_३०_वर्षं: नवी टाका. बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती कडी, घासला असेल तर कार्बन टिकत नाहीत.

कोथरूड_ते_कोकण: नवीच. आणि कॉम्प्रेसर तपासून घ्या.

अकोल्याची_लेक: मी कार्बनच बदलले. मोटर हातात घेऊन शाफ्ट हलवून बघितला, जराही खेळ नव्हता, आवाजही नाही. नवी मोटर कंपनीची आहे का विचारलं तर दुकानदार नीट सांगेना. कंडेन्सरही धुतला, कापूस खरंच निघाला! काल गांधी रोडला भर दुपारी पंधरा मिनिटं एसी लावून उभी राहिले. हवा थंडच होती, काटाही जागचा हलला नाही. उरलेल्या पैशांत नागपूरहून आल्यावर गळती तपासणार. शनिवारी पहाटे ५ ला निघतो, येताना दुपार होईल.

वऱ्हाडी_गिअर: एक जादा रिले डॅशबोर्डात ठेवा. आईंना नमस्कार सांगा.

खानदेशी_स्टिअरिंग: गॅसपण बघून घ्या जाण्याआधी.