मदत हवी आहे: व्हिटॅमिन्सचं डॉकिंग, बी१२ सगळ्यात वर येतंय, धरू का?

नमस्कार मंडळी, मी रत्नागिरीला एमएस्सी करतेय आणि प्रोजेक्ट आहे कोविडच्या स्पाइक प्रोटीनवर व्हिटॅमिन्स बसतात का ते कॉम्प्युटरवर बघायचा, यालाच डॉकिंग म्हणतात. ब्रिस्टॉलच्या ग्रुपने २०२० ला दाखवलेलं की स्पाइकमध्ये एक खोबण आहे, तिच्यात लिनोलेइक अ‍ॅसिड (एक फॅटी अ‍ॅसिड) बसलं की स्पाइक मिटून राहतं आणि मग एसीई२ला (आपल्या पेशीवरचं प्रोटीन, जे धरून व्हायरस आत शिरतो) धरणं अवघड होतं. २०२१ ला त्यांनी सिम्युलेशनवरून सांगितलं की व्हिटॅमिन डी, के, ए पण तिथे बसू शकतील. मी त्यांचंच ६झेडबी५ स्ट्रक्चर घेतलंय, स्पाइकच्या तीन साखळ्यांपैकी एकच ठेवलीय, ऑटोडॉक व्हिना या डॉकिंगच्या प्रोग्रामवर चालवतेय.

तर स्कोअरमध्ये (किती घट्ट बसेल याचा अंदाज) बी१२ पहिलं आलं आणि सी तळाला! बी१२चं वजन १३५५, सीचं १७६, म्हणजे हा नुसता आकाराचा खेळ आहे का? आणि त्यातल्या कोबाल्टचं काय करतात? मोठं सिम्युलेशन घरी जमत नाही, पावसात लाईट कधी जाईल सांगता येत नाही.

दुसरं म्हणजे सर म्हणतायत शीर्षकात 'अँटिव्हायरल' घाल, पण मला ते पटत नाहीये, कारण इथे लोक कुणाला न विचारता डीच्या ६०,००० युनिटच्या गोळ्या घेतात, जास्त झालं तर रक्तात कॅल्शियम वाढून किडनीला त्रास होतो, आणि उद्या कोणी माझं शीर्षक वाचून घेतलं तर? प्लीज सांगा काय लिहू.

प्रतिसाद १
आधी दुसरी साखळी परत घाल गं. ती खोबण दोन शेजारी साखळ्यांच्या मधे बनते, लिनोलेइकचं अ‍ॅसिडचं टोक शेजारच्या साखळीतल्या आर्जिनीन ४०८ आणि ग्लुटामीन ४०९ या अमिनो अ‍ॅसिड्सना धरतं, एकच ठेवलीस तर दार उघडं टाकल्यासारखं होतं. मग लिनोलेइकच काढून परत डॉक कर, मूळ जागेपासून २ अँगस्ट्रॉमच्या आत आलं तरच सेटिंग बरोबर धर. बी१२ यादीतून काढ, स्कोअर अणूंच्या संख्येबरोबर फुगतो, कोबाल्टसाठी व्हिना बनलेलंच नाही, आणि एवढा मोठा रेणू त्या अरुंद तेलकट खोबणीत मावणार कसा, पोझ (रेणू कसा बसलाय ती मांडणी) उघडून बघ, बाहेरच चिकटलेला असेल. व्हिटॅमिन केच्या लांब शेपटीत फिरणारे बंध खूप आहेत, त्याचे रन वेगवेगळ्या सीडने (शोध सुरू करायचा रँडम आकडा) परत परत कर.

प्रतिसाद २
शीर्षकाबाबत तुझंच बरोबर आहे. 'स्पाइकच्या खोबणीत व्हिटॅमिन डी, के, ए बसण्याची शक्यता: डॉकिंग अभ्यास' असं लिही. डॉकिंगवरून फक्त बसू शकेल का एवढंच कळतं, व्हायरस थांबतो का ते पेशींवर बघावं लागतं आणि माणसात काय होतं ते त्याच्याही पुढचं. सरांना हेच सांग आणि सोबत लिनोलेइकचा निकाल दाखव, नुसतं बोलण्यापेक्षा ते लवकर पटेल.

धागाकर्ती
दोघांचे खूप आभार! दुसरी साखळी घालून रन लावलाय, लाईट टिकली तर रात्री लिनोलेइकची पोझ टाकते, जरा बघाल का?